जेल मॅनिक्युअर ठेवायचं की बंद करायचं: गोव्यातल्या फोंड्याच्या पार्लरमधल्या नोंदी

९ जून २०२५

रेट कार्डवर सगळ्यात महाग ओळ जेल मॅनिक्युअरची (लॅम्पखाली कडक करायचं टिकाऊ नेलपॉलिश), ७५० रुपये, आणि वैनीचं म्हणणं असं की महिन्याच्या शेवटी सगळ्यात कमी सुटतात ते त्यातूनच. मला काही ते पटत नाहीये, गल्ल्यात एकदम साडेसातशे पडले की बरं वाटतं ना. म्हणून वाद घालत बसण्यापेक्षा वही सुरू केली. तुळशीच्या लग्नानंतर लग्नांचा सीझन सुरू होतो त्याच्या आत ठरवायचं, ठेवायचं तर कसं आणि काढायचं तर पूर्ण की अर्धं.

काय लिहायचं: बाई कधी खुर्चीत बसली, कधी उठली, परत कधी आली आणि कशासाठी. वैनी म्हणाली, "ती घरी काय काम करते तेही लिही गो." मी म्हटलं कशाला, आपण काय जनगणना करतोय, पण लिहिते.

सध्याची स्कीम: आठ दिवसांच्या आत निघालं तर दुरुस्ती फुकट, आणि नंतर काढायला आली तर रिमूव्हलही फुकट. माल देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरनेच सुचवलेलं हे, गिऱ्हाईक बांधून राहतं म्हणून. राहतं खरं, फुकट खुर्चीत बसून राहतं.

१७ जून

घड्याळ लावून बघितलं. हात टबात भिजवणं, क्युटिकल (नखाच्या मुळाशी असलेली कातडी) मागे सारणं, आकार, बफर, मग बेसकोट, रंगाचे दोन हात, टॉपकोट आणि प्रत्येक थरानंतर लॅम्पखाली अर्धा ते एक मिनिट. दोन्ही हात धरून सव्वा तास, त्यात आमच्याकडे काम करणारी पोरगी नवी नाही, हात बसलेला आहे तिचा. रिमूव्हलला पंचवीस मिनिटं, कारण वरचा टॉपकोट फाइलने खरवडायचा, ॲसिटोनचा कापूस ठेवून फॉइल गुंडाळायचं आणि दहा-पंधरा मिनिटं बसायचं, घाई करून ऑरेंज स्टिकने खरवडलं तर नखाचा थर सोबत निघतो आणि पुढच्या वेळी त्या पातळ नखावर काहीच धरत नाही. दुरुस्तीला वीस मिनिटं धरा.

म्हणजे एका जेलला दोन तास. माल साधारण ७० रुपयांचा, उरले ६८०, तासाला ३४०. साधं मॅनिक्युअर ३५० रुपये, चाळीस मिनिटं, माल वीसचा, तासाला पाचशेला पाच कमी. आणि थ्रेडिंग, ज्याला आम्ही कामच समजत नाही, पन्नास रुपये, सहा मिनिटं, माल म्हणजे एक दोरा. तासाला पाचशे.

वैनीने आकडे बघितले आणि काही बोलली नाही, चहा घेऊन आली फक्त. बोलली असती तर बरं झालं असतं.

(आज दुपारी वीज गेली, एका काकींचा दुसरा थर लॅम्पखाली असतानाच. इन्व्हर्टरवर फक्त पंखे आणि दिवे आहेत. लॅम्पचा पॉइंट इन्व्हर्टरवर घ्यायला इलेक्ट्रिशियनला सांगितलंय, बघू कधी येतो.)

३ जुलै

वैनीचा तो "घरी काय करते" कॉलम कामाला यायला लागलाय. शाळेतल्या एक बाई आहेत, घरी स्वयंपाकाला बाई येते, त्यांचं जेल अडीच आठवडे जसंच्या तसं, मुळाशी नख वाढून फट दिसायला लागली म्हणून बदलायला आल्या. वरच्या बाजारात दुकान सांभाळणारी एक, दोन आठवडे आरामात. आणि ज्यांच्या घरी सकाळ-संध्याकाळ नारळ खवणं, मसाला वाटणं, नुस्तं (मासे) साफ करणं, भांडी, सगळं स्वतः, त्यांचं पाचव्या-सहाव्या दिवशी टोकाला सुटलेलं. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी आधी जातात, जवळजवळ सगळ्यांचेच. तिसऱ्यो (शिंपल्या) आडोळीवर (विळीवर) उघडताना शिंपला कुठे दाबला जातो ते आठवा म्हणजे कारण कळेल.

आपली निम्म्याहून जास्त गिऱ्हाईकं या दुसऱ्या प्रकारातली. नर्स आणि औषध कंपनीत प्रॉडक्शनला जाणाऱ्या मुली तर जेल करतच नाहीत, त्यांना कामावर नेलपॉलिश लावून चालत नाही, लग्नकार्याला सुट्टी काढली तरच.

मग हे टिकाऊ कुणासाठी आहे? ज्यांच्या नखांना तसंही काही होत नाही त्यांच्यासाठी टिकाऊ.

१५ जुलै

आज पोरीशी सविस्तर बोलले, तिने पणजीला कोर्स केलाय. ती म्हणते की नख पाणी पितं, पावसात दार फुगतं तसं फुगतं आणि सुकलं की परत आक्रसतं. वरचा जेलचा थर मात्र तेवढा हलत नाही, मग कडेने सुटायला लागतो, त्यालाच लिफ्टिंग म्हणतात. तर हात टबात भिजवून लगेच जेल लावणं म्हणजे फुगलेल्या नखावर लावणं. कोर्समध्ये ड्राय मॅनिक्युअरच, म्हणजे हात न भिजवता करायचं, शिकवलेलं, टबाचा आग्रह गिऱ्हाइकांचा, त्यांना कोमट पाणी आणि गुलाबाच्या पाकळ्या दिसल्या नाहीत तर मॅनिक्युअर झालं असं वाटतच नाही.

उद्यापासून जेलला टब बंद. नख कोरडं, नखावरचा ओलावा काढणारं डिहायड्रेटर लावायचं, थर पातळ, आणि प्रत्येक थर नखाच्या टोकावरूनही फिरवून टोक सील करायचं. जाड थर लावायचा नाही, वरून कडक झाला तरी आत कच्चा राहतो.

सुटलेल्या जागेत पाणी साचतं ते वेगळंच. एका बाईंच्या नखावर हिरवट डाग होता, त्यांना वाटलं आमचा रंग उतरला. रंग नाही, तो ओलाव्यात वाढणाऱ्या बॅक्टेरियाचा डाग. त्यांचं सगळं काढून टाकलं, डॉक्टरला दाखवायला सांगितलं आणि तोवर नखावर काहीही लावायचं नाही म्हणून बजावलं. पावसाळ्यात सुटलेलं जेल तसंच ठेवून फिरणं वाईट, हे आता प्रत्येकीला उठायच्या आधी सांगायचं.

२९ जुलै

नागपंचमी, दुपारपर्यंत बंद. पातोळ्यो खाऊन आलेय त्यामुळे हात जड आहे, थोडक्यात लिहिते.

ड्राय केल्याने फरक पडला, पाच दिवसांचे आठ-नऊ झाले घरकामवाल्यांचे. पण दोन आठवडे नाही होत ते नाहीच.

नवीन तक्रार हळदीची. हल्ली सगळ्यांना तो फिकट, नखाच्याच रंगाचा शेड हवा असतो आणि आपण जेवतो हाताने, हुमण (माशांची आमटी) काय, दाळ काय, हळद सगळ्यात. दोन जेवणांत नखं पिवळी. एक जण फोनवर म्हणाली कावीळ झाल्यासारखं दिसतंय. टॉपकोट हलका बफ करून नवा लावला की जातं, पण ती पुन्हा वीस मिनिटं फुकट. तिला म्हटलं उन्हात हात धर थोडा वेळ, हळदीचा डाग उन्हाने फिका पडतो. ती म्हणाली, "ऊन कुठाय?" बरोबर आहे, जुलैत फोंड्यात ऊन.

यापुढे हाताने जेवणाऱ्यांना मरून, वाइन, गडद गुलाबी. फिका शेड हट्टाने घेतला तर हळदीची गॅरंटी नाही.

९ ऑगस्ट

आज एक गोष्ट हाती लागली आणि ती वहीमुळे नाही, वैनीच्या नजरेमुळे. एक काकी रिमूव्हलला आल्या. भाच्याच्या साखरपुड्याला हातपाय दोन्हीला जेल केलेलं. हाताची सात नखं उघडी पडलेली, आणि पायाला बघितलं तर परवाच लावल्यासारखं चकाचक. काकी म्हणाल्या, "पायाचं नको काढू गो, चवथीपर्यंत चालेल." चवथ म्हणजे गणेश चतुर्थी.

मग आम्ही तिघी विचार करत बसलो. पाय भांडी घासत नाहीत. पायाची नखं वाढतातही हळू, हाताची महिन्याला साधारण तीन मिलिमीटर आणि पायाची त्याच्या निम्म्याने, म्हणजे मुळाशी फट दिसायलाच महिना लागतो. आणि आपल्याकडे बारा महिने पायात चप्पल, बूट-मोजे कोण घालतं, देवळात गेलं तर तेही काढायचे, म्हणजे पाय सतत दिसतात. पायाचं साधं नेलपॉलिश लावताना खरा ताप असतो तो सुकेपर्यंत बसायचा, रिक्षात बसतानाच अंगठ्याचं खरवडलं जातं. जेल लॅम्पखालून निघालं की लगेच चपला घालून घरी.

रेट कार्डवर पायाचं जेल नाहीच आहे. मागेल तिला तोंडी सांगतो ६००.

२३ ऑगस्ट

चवथ बुधवारी, चार दिवसांवर. फोन थांबत नाहीत, सगळ्यांना जेल हवं. आणि आता पुढच्या चार दिवसांत या बाया काय करणार, तर सगळं घर घासणार, तांब्या-पितळेची भांडी चिंचेने चकचकीत करणार, नेवऱ्यो (करंज्या) भरणार, माटोळीचं (गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची चौकट) सामान आणून बांधायला लागणार आणि पाहुण्यांच्या पंगती वाढणार.

यावरून माझं आणि वैनीचं चांगलंच वाजलं. मी म्हणाले पैसे देऊन मागतायत तर आपण नाही कोण म्हणणार. ती म्हणाली, "पैसे आज देतील आणि पाचव्या दिवशी फुकट दुरुस्तीला रांग लावतील, तेव्हा तू बस खुर्चीत." शेवटी असं ठरलं की नाही म्हणायचं नाही, पण बसायच्या आधी स्पष्ट सांगायचं की चवथीच्या कामात टिकणार नाही, दुरुस्ती फुकट मिळणार नाही, हाताला साधं करा आणि जेल पायाला करा. वैनीने सांगितलं तर ऐकतात, मी सांगितलं तर घासाघीस करतात, त्यामुळे सांगायचं काम तिच्याकडे. बऱ्याच जणी खरंच पायावर आल्या.

४ सप्टेंबर

पाच दिवसांचे गणपती पोहोचवून झाले, आता पार्लर रिकामं आहे तर दोन गोष्टी लिहून ठेवते.

एक, डिस्ट्रिब्युटरचा फोन, जेलच्या बाटल्या अर्ध्या दरात. एवढी दया कशी आली म्हणून चौकशी केली. युरोपियन युनियनने १ सप्टेंबरपासून टीपीओ असलेली जेल बंद केलीत. टीपीओ म्हणजे लॅम्पचा प्रकाश पडला की जेल कडक व्हायला सुरुवात करून देणारं केमिकल. प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून ते प्रजननाला घातक या वर्गात टाकलंय, आणि त्या वर्गात गेलेलं केमिकल तिकडे कॉस्मेटिक्समध्ये चालत नाही. ते प्रयोग पोटात देऊन केलेले, नखावर लावून नाहीत, त्यामुळे घाबरून जुनी बाटली फेकायची की नाही यावर दोन्ही बाजूंनी बोलणारे आहेत. आपल्याकडे बंदी नाही. पण आपल्या पार्लरमध्ये येणाऱ्यांत नवीन लग्न झालेल्या आणि दिवस गेलेल्या मुलीच जास्त, आणि रोज त्या बाटल्या उघडणारी पोरगी पंचविशीतली आहे. स्वस्त माल घेतला नाही. नवीन घ्यायचा तर लेबल वाचून, टीपीओ नसलेला.

दोन, पोरीची बोटं. टोकांना कोरड आणि खाज. स्किनच्या डॉक्टरकडे पाठवलं. ते म्हणाले आता दिसतंय ते ॲसिटोन आणि सारखं हात धुण्यामुळे, पण सांभाळा, कच्चं जेल कातडीला लागत राहिलं तर त्यातल्या ॲक्रिलेटची ॲलर्जी येते, आणि ती एकदा आली की जात नाही, पुढे दात भरायच्या सिमेंटनेसुद्धा त्रास होऊ शकतो. ब्रश पुसताना, कडेला लागलेलं बोटाने काढताना, तिथेच लागतं. नायट्राइल ग्लोव्हज घालायचे आणि जेल लागलं की लगेच बदलायचे, त्यातूनही ते थोड्या वेळाने पार होतं. गिऱ्हाइकाच्या कातडीला लागलं तर लॅम्पखाली घालायच्या आधी पुसायचं.

ग्लोव्हजचा खर्च मालात धरायला हवा, ७० चे ८०.

मला खरं तर या दुसऱ्या गोष्टीने जास्त विचारात पाडलं. ३४० रुपये तासासाठी त्या पोरीने आयुष्यभराची ॲलर्जी घ्यायची? ५०० असले तरी नको, पण निदान रोज सात-आठ हात करायची गरज पडणार नाही असं काहीतरी बसवता येईल.

२४ सप्टेंबर

परवापासून पार्लरच्या सर्व्हिसवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला आणि येणारी प्रत्येक दुसरी बाई विचारतेय तुमचे दर कधी उतरणार. आमची उलाढाल २० लाखांच्या आत, आम्ही जीएसटी कधी लावलाच नाही तर उतरवणार काय. वैनीने एकीला सांगितलं, "आम्ही आधीपासूनच शून्य टक्के." बाई खूश होऊन गेली.

लॅम्पबद्दलही विचारणा वाढलीय, कॅन्सर होतो का म्हणून. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात अभ्यास झाला होता, त्यात काचेच्या भांड्यातल्या पेशी वीस-वीस मिनिटं लॅम्पखाली ठेवलेल्या आणि त्यातल्या बऱ्याच मेल्या. पेशी, माणसाचे हात नव्हेत, आणि आपली वेळ एका हाताला चार-पाच मिनिटांच्या आतच. पण सावधगिरी म्हणून बोटं उघडी असलेले ग्लोव्हज किंवा सनस्क्रीन, दोन्ही ठेवलंय. विचारलं तर एवढंच सांगायचं, "काही होत नाही" असं म्हणायचं नाही.

७ ऑक्टोबर

पायाच्या जेलचे आकडे आता पुरेसे झाले. पन्नास मिनिटं, ६०० रुपये, माल ५०, म्हणजे तासाला ६६०. दुरुस्तीला कोणी फिरकलंच नाही म्हटलं तरी चालेल, एक आली ती ठेच लागून. आणि काढायला येतात त्या महिन्याने, तेव्हा पुन्हा करूनच जातात.

काळजी एकच घ्यायची, पावसाळ्यात पाय सतत ओले असतात, नख जाड, पिवळट, भुसभुशीत दिसलं तर ते फंगस असू शकतं, त्यावर जेल लावून झाकायचं नाही. एकीला परत पाठवलं, तिला राग आला. येऊ दे.

हाताच्या जेलची कॉलेजवाली गिऱ्हाईकं मात्र गेलीच. फर्मागुडीच्या कॉलेजांतल्या मुली आता ऑनलाइन प्रेस-ऑन नखं मागवतात, दोन-तीनशेत डबी, पार्टीला चिकटवली, दुसऱ्या दिवशी काढली. त्यांना महिनाभर टिकणारं काही नकोच आहे. त्यांच्या मागे धावण्यात अर्थ नाही.

२३ ऑक्टोबर

दिवाळी झाली. वैनीला आता पूर्ण बंद करायचंय हाताचं जेल. मी अडून बसलेय आणि माझं कारण नवऱ्या मुली.

आपल्या आजूबाजूला मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी इथली देवळं, तिथे मुंबई-बेळगावची कुटुंबं कुलदैवतापाशी लग्न लावायला येतात. नवरीला हळदीपासून रिसेप्शनपर्यंत नखं नीट हवीत, फोटोत अंगठी घालताना हात सगळ्यात जवळून दिसतात, आणि त्या आठवड्यात तिला कोणी नारळ खवायला लावत नाही (नंतर लावतात). तिला जेल शोभतं आणि टिकतंही. फक्त हळद लागून गेल्यावर लावायचं, आधी नाही, आणि आधी लावलंच तर गडद. जानेवारीत आणि मे महिन्यात ख्रिश्चन लग्नं असतात, त्या मुलींना पांढऱ्या गाऊनवर फिकाच रंग हवा असतो, त्यांना रोसच्या (लग्नाआधी अंगाला नारळाचा रस लावतात तो विधी) नंतरची अपॉइंटमेंट द्यायची, नारळाच्या रसाच्या तेलकटपणावर काही धरत नाही.

वैनी म्हणाली ठीक आहे, पण फुकट रिमूव्हल असेल तर मी नाही. आकडा काढून दाखवला: फुकट काही नसेल तर ७५० मधून ८० गेले, ६७० सव्वा तासात, तासाला ५३६. रिमूव्हल वेगळं २०० लावलं तर पंचवीस मिनिटांत तेही तेवढ्याच आसपास बसतं. म्हणजे सर्व्हिस तोट्याची नव्हती, तिला चिकटवलेल्या दोन फुकट गोष्टी तोट्याच्या होत्या. वैनी म्हणते तू हे जूनमध्येच बोलली असतीस तर. जूनमध्ये हे आकडे कुठे होते?

४ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न लागलं, आता ठरवणं भाग आहे. ठरलं ते असं.

रोजच्या कार्डावरून हाताचं जेल काढलं. फक्त आगाऊ बुकिंगवर, दिवसाला जास्तीत जास्त दोन, म्हणजे पोरीच्या बोटांनाही आराम. दर ८५०, वैनीला ९०० हवे होते, मला आठशे. दुरुस्ती तीन दिवसांत आणि आपल्या कामात खोट असेल तरच. रिमूव्हल २००, लगेच पुन्हा जेल करणार असेल तर १००.

पायाचं जेल कार्डावर आलं, ६००, पेडिक्युअर आधी करायचं असेल तर ते आदल्या दिवशी, भिजवलेल्या पायावर लगेच नाही. यावर गिऱ्हाईकं कुरकुरणार आहेत, दोनदा कोण येणार म्हणून. बघू, नाहीतर पायालाही ड्राय पेडिक्युअर बसवावं लागेल आणि पाकळ्यांचं काय करायचं ते वैनी ठरवेल.

घरकाम करणाऱ्या बायांना साधं मॅनिक्युअर, चांगला बेसकोट-टॉपकोट, आणि त्याच रंगाची छोटी बाटली १२० ला सोबत, टोक उडालं की घरी हात मारायचा. हे चवथीच्या वेळी दोघी-तिघींना दिलेलं, आवडलं.

जुन्या टीपीओवाल्या सात बाटल्या उरल्यात, त्या गिऱ्हाइकांवर वापरायच्या नाहीत, डिस्ट्रिब्युटर परत घ्यायला तयार नाही, त्यामुळे दुकानात शेड दाखवायला प्लॅस्टिकच्या नखांवर लावून ठेवायच्या आणि खर्च टाकायचा.

एक राहिलं. किनाऱ्याकडच्या सलोनात ॲक्रिलिकची कृत्रिम नखं करून आलेल्या मुली ते काढायला आपल्याकडे येतात, दोनशेत काढून द्या म्हणून. घ्यायचं नाही. त्याला वेळ जास्त लागतो, ड्रिल मशीन आपल्याकडे नाही, आणि खाली नख काय अवस्थेत असेल ते आपल्याला माहीत नसतं. कार्डावर तशी ओळ टाकायला प्रिंटरला उद्या सकाळी फोन.